दयेचा अर्ज कोण वाचतं?

जून २०१२ मध्ये राष्ट्रपतींनी काही कैद्यांची फाशी रद्द करून त्यांना जन्मठेप दिली. त्यातला एक जण बेळगावच्या हिंडलगा तुरुंगातला होता. नंतर उघड झालं की हा माणूस ऑक्टोबर २००७ मध्येच आजारपणात वारला होता. म्हणजे जवळजवळ पाच वर्षं एका मेलेल्या माणसाचा दयेचा अर्ज सरकारदरबारी फिरत होता. त्यावर टिपण्या झाल्या, सह्या झाल्या आणि शेवटी देशाच्या सर्वोच्च पदावरून त्याला जीवदानही मिळालं. माणूस आहे का, हे कोणी विचारलं नाही.

बातमी आली, चार दिवस थट्टा झाली, विषय संपला. मला मात्र दयेच्या अर्जाविषयी कोणाला काही समजावून सांगायचं असलं की हीच गोष्ट आधी आठवते. फाशी असावी की नसावी यावर आपल्याकडे तावातावाने वाद होतात. तो वाद या लेखात नाही. फाशीचे कट्टर समर्थक असाल तरी पुढचं वाचा, कारण प्रश्न वेगळा आहे. जीव घेण्याचा किंवा वाचवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, ते तो वापरताना नीट बघतात तरी का?

आधी रस्ता समजून घेऊ. सत्र न्यायालयाने फाशी दिली की ती लगेच लागू होत नाही, उच्च न्यायालयाने कायम करावी लागते. मग सर्वोच्च न्यायालयात अपील, तिथे हरलात तर फेरविचार याचिका. २०१४ पासून ही फेरविचार याचिका खुल्या न्यायालयात तीन न्यायमूर्तींपुढे ऐकली जाते. त्याआधी ती न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलांचा युक्तिवाद न ऐकता, कागद बघून निकालात निघायची. हे सगळं संपलं की उरतो दयेचा अर्ज. घटनेच्या कलम १६१ खाली तो राज्यपालांकडे जातो आणि कलम ७२ खाली राष्ट्रपतींकडे.

आता इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. ‘राष्ट्रपतींनी दया नाकारली’ अशी बातमी वाचली की डोळ्यापुढे येतं ते असं: राष्ट्रपती भवनात एक वयोवृद्ध व्यक्ती रात्री दिव्याखाली फाईल वाचतेय आणि मनाशी झगडून निर्णय घेतेय. प्रत्यक्षात राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये मारू राम खटल्यात हे स्पष्ट केलं. राज्यपालांचंही तेच. सल्ला म्हणजे व्यवहारात गृहखात्याची टिपणी आणि तिच्यावर गृहमंत्र्यांची सही. राष्ट्रपती फार तर एकदा फाईल फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. तोच सल्ला पुन्हा आला तर तो मानावा लागतो. फक्त किती दिवसांत मानायचा, हे घटनेत लिहिलेलं नाही. म्हणून ज्या राष्ट्रपतींना सल्ला पटला नाही, त्यांच्या हाती एकच उपाय उरला: फाईलवर बसून राहणं. के. आर. नारायणन यांनी पाच वर्षांत एकाही दयेच्या अर्जावर निर्णय दिला नाही. अब्दुल कलाम यांनी दोन दिले, एक होकाराचा आणि एक नकाराचा.

तेव्हा दया हा शेवटी राजकीय निर्णय आहे. तो घेणारी माणसं निवडून आलेली आहेत. आणि निवडून आलेल्या माणसाला फाशीच्या फाईलमधून मिळतं काय, याचं उत्तर सापडलं की या विषयातलं निम्मं कोडं सुटतं.

त्याआधी एक शंका. तीन-तीन न्यायालयांनी तपासून झाल्यावर पुन्हा मंत्र्यासंत्र्यांनी काय तपासायचं? ही शंका खुद्द राष्ट्रपती भवनालाही आली होती. इंदिरा गांधी हत्येच्या कटात दोषी ठरलेल्या केहर सिंग यांचा अर्ज आला तेव्हा राष्ट्रपतींनी भूमिका घेतली की न्यायालयाच्या निकालाच्या गुणदोषांत मी जाऊ शकत नाही. डिसेंबर १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जाऊ शकता. पुरावा पुन्हा वाचू शकता आणि न्यायालयापेक्षा वेगळ्या मतालाही येऊ शकता. यात न्यायालयाचा अपमान नाही, कारण तुमचं काम वेगळं आहे. न्यायाधीश समोर आलेल्या कागदांनी आणि आधीच्या निकालांनी बांधलेला असतो. दयेचा अधिकार तसा बांधलेला नाही. माणसाच्या हातून चुका होतात हे गृहीत धरूनच घटनाकारांनी ही खिडकी ठेवली. (केहर सिंग यांचा अर्ज पुन्हा विचारात घेतला गेला, पुन्हा नाकारला गेला आणि ६ जानेवारी १९८९ ला त्यांना फाशी झाली.)

चूक कशी होते ते पाहायचं तर १९७५ च्या एका प्रकरणाकडे जावं लागतं. उत्तर प्रदेशात एका कुटुंबातल्या चार जणांचा खून झाला. जीता सिंग, कश्मीरा सिंग आणि हरबन्स सिंग या तिघांना फाशी झाली. गुन्हा एक, भूमिका सारखीच, शिक्षा एकच. तिघांनी सर्वोच्च न्यायालयाकडे वेगवेगळ्या वेळी धाव घेतली आणि तिघांच्या याचिका वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेल्या. जीता सिंगची याचिका १९७६ मध्ये फेटाळली गेली. कश्मीरा सिंगची १९७७ मध्ये ऐकली गेली आणि त्याची फाशी जाऊन जन्मठेप झाली. हरबन्स सिंगची १९७८ मध्ये फेटाळली गेली. त्या वेळी न्यायालयाच्या कचेरीने, वकिलांनी, कोणीही हे सांगितलं नाही की याच गुन्ह्यातल्या दुसऱ्या आरोपीची फाशी आपणच रद्द केलेली आहे. हरबन्सचा दयेचा अर्जही नाकारला गेला.

६ ऑक्टोबर १९८१ हा फाशीचा दिवस ठरला. हरबन्स सिंगने आदल्या दिवसांत आणखी एक याचिका केली आणि त्याच्या फाशीला स्थगिती मिळाली. जीता सिंगने केली नाही. ठरल्या दिवशी त्याला फाशी झाली.

सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी फेब्रुवारी १९८२ मध्ये हरबन्सच्या याचिकेवर निकाल दिला. तो वाचताना न्यायालय स्वतःच हादरलेलं दिसतं. त्यांनी हरबन्सची फाशी स्वतः रद्द केली नाही. राष्ट्रपतींनी एकदा नकार दिलेला असल्याने त्यांचा मान राखून, फाशी रद्द करावी अशी त्यांनाच शिफारस केली. शिवाय तुरुंग अधीक्षकांसाठी एक आदेश दिला: फाशी देण्याआधी सहआरोपींच्या शिक्षेचं काय झालं ते स्वतः तपासा. एवढी साधी गोष्ट सांगायला एका माणसाचा जीव जावा लागला. आणि हा आदेश तुरुंगांना लागू झाला. गृहखात्याच्या टिपणीत तो आपोआप शिरला असेल, असं मानायला जागा नाही.

आता दुसरी बाजू बघा. समजा न्यायालयाची चूक झालीच नाही, सगळं नीट पार पडलं. तरीही दया मिळणार की नाही हे कशावर अवलंबून? विधी आयोगाने २०१५ च्या २६२ व्या अहवालात १९५० पासूनच्या अर्जांचा हिशेब मांडला आहे. एकूण ४३७ अर्ज निकालात निघाले, ३०६ मान्य झाले, १३१ फेटाळले गेले. आकडा ऐकून वाटतं, बरंच औदार्य आहे. पण यादी राष्ट्रपतींच्या नावांनी वाचली की चित्र बदलतं. राजेंद्र प्रसाद: १८० मान्य, १ अमान्य. राधाकृष्णन: ५७ च्या ५७ मान्य. झाकिर हुसेन: २२ मान्य, अमान्य एकही नाही. मग झैलसिंग यांच्या काळात २ मान्य, ३० अमान्य. वेंकटरमण: ५ आणि ४५. शंकरदयाळ शर्मा: एकही मान्य नाही, १८ अमान्य. प्रतिभा पाटील: ३४ आणि ५. प्रणव मुखर्जी यांचे अहवालाच्या वेळेपर्यंत २ आणि ३१.

गुन्हेगारांची जात १९८२ मध्ये अचानक बदलली असं कोणी म्हणणार नाही. १९९४ मध्ये ज्याचा अर्ज दिल्लीत पोहोचला त्याला शून्य टक्के संधी होती आणि २०१० मध्ये पोहोचला त्याला बरीच, एवढाच या यादीचा अर्थ. कुठल्या तारखेला आपली फाईल वर जावी हे कैद्याच्या हातात नसतं. ते कारकुनाच्या हातात असतं. सरकारं बदलली, गृहमंत्री बदलले, पण कुठल्या प्रकरणात दया द्यायची आणि कुठल्या नाही याचे जाहीर निकष कुठल्याच सरकारने संसदेपुढे ठेवले नाहीत. विरोधी पक्षांनी मागितलेही नाहीत.

यातला सगळ्यात वाईट धडा राजस्थानातल्या रावजी प्रकरणाचा. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बच्चन सिंग खटल्यात नियम घालून दिला होता: फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात, आणि ठरवताना गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही बघायचे. त्याचं वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता, सगळं. डिसेंबर १९९५ मध्ये रावजीच्या अपिलात दोन न्यायमूर्तींनी उलट सांगितलं की गुन्हा बघायचा, गुन्हेगार नव्हे. मे १९९६ मध्ये रावजीला फाशी झाली. पाच महिन्यांत सगळं आटोपलं. एरवी वर्षानुवर्षं हलत नाहीत त्या फाईली कधी कधी अशा पळतात.

मग २००९ मध्ये, महाराष्ट्रातल्या बरियार खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केलं की रावजीचा निकाल घटनापीठाचा कायदा नजरेआड करून दिलेला होता आणि त्याच्या आधाराने पुढे अनेकांना फाशी सुनावली गेली. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहिलं: अशा चुकीच्या पायावर १३ जणांची फाशी उभी आहे, ती रद्द करा. रावजी आणि त्याच्या निकालाच्या आधाराने फाशी गेलेला सुरजा राम या दोघांसाठी आता काहीच करता येणार नाही, हेही त्यांनी लिहिलं. दोघांनाही फाशी होऊन तेव्हा पंधरा वर्षं उलटली होती.

एवढी मोठी गोष्ट घडत असताना त्यावर आपल्या राज्याच्या विधानसभेत चर्चा झाल्याचं तुम्हाला आठवतं का? मला नाही. आणि रावजीच्या निकालाचा आधार घेणाऱ्या निकालांतलं एक प्रकरण तर नाशिकचं होतं. त्यावर जरा थांबू या.

जून २००३ च्या एका रात्री शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं गेलं. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची कायम ठेवली, तिघांची जन्मठेप केली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २००९ मध्ये त्या तिघांनाही पुन्हा फाशी झाली. सहाच्या सहा फाशी यार्डात. त्यातला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हे २०१२ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे कायद्याने ज्याला फाशी देताच येत नाही तो मुलगा तीन न्यायालयांच्या नजरेखालून गेला होता.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल मागे घेतला आणि अपिलं नव्याने ऐकली. ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सुटले. नुसती शिक्षा कमी झाली असं नाही, गुन्हाच त्यांनी केला नव्हता असं ठरलं. खटल्याच्या कागदांत एक गोष्ट पहिल्या दिवसापासून होती. हल्ल्यातून वाचलेल्या बाईला दोन दिवसांनी पोलिसांनी सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता आणि तिने त्यातून चार माणसं ओळखली होती. ही चार माणसं वेगळी होती. त्यांचा तपास पुढे झालाच नाही. न्यायालयाने सहाही जणांना प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षं तुरुंगात गेली होती.

आता कल्पना करा की या सोळा वर्षांत मधेच एखाद्या गृहमंत्र्याने जोरात मोहीम काढून ‘प्रलंबित फाशी’ मार्गी लावल्या असत्या. तो अल्बम फाईलमध्येच होता. शोधायला सीबीआय लागत नव्हती, वाचायला एक दुपार लागत होती.

तर फाईल वाचली जात नाही, मग तिचं होतं काय? ती फिरते. कैदी अर्ज देतो तुरुंग अधीक्षकाला. तिथून कारागृह मुख्यालय, मग गृहविभागातला कक्ष, मग पोलिसांचा अहवाल, सत्र न्यायालयाचे कागद, विधी विभागाचं मत, सचिव, मंत्री, मुख्यमंत्री, राजभवन. नकार आला की तोच प्रवास दिल्लीच्या दिशेने. प्रत्येक टेबलावर एक जावक क्रमांक, एक स्मरणपत्र, एक ‘सादर’. मराठी माणसाला सरकारी कचेरीत सातबाराची नक्कल काढतानाचा अनुभव आहे. फाशीची फाईलही त्याच कपाटांतून जाते, तिच्यासाठी वेगळी यंत्रणा नसते.

कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. त्यांच्या दयेच्या अर्जांचा निकाल लागायला सात वर्षं दहा महिने लागले. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या दिरंगाईमुळे फाशी रद्द करून जन्मठेप दिली. कागद पाठवायला इलेक्ट्रॉनिक साधनं असताना एवढी वर्षं कशी लागतात, हा न्यायालयाचा प्रश्न होता, आणि दोष त्यांनी राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांच्या पदरात घातला. पुण्यात २००७ मध्ये बीपीओत काम करणाऱ्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून करणाऱ्या दोघांचं त्याहून विचित्र. राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये अर्ज फेटाळला. फाशीची तारीख ठरवणारं वॉरंट निघालं एप्रिल २०१९ मध्ये. मधली जवळपास दोन वर्षं येरवडा तुरुंग आणि पुण्याचं सत्र न्यायालय यांच्यात पत्रव्यवहार चालू होता. २४ जून २०१९ ही तारीख पडली, दोघे उच्च न्यायालयात गेले आणि जुलैमध्ये फाशी जाऊन ३५ वर्षांचा तुरुंगवास झाला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं.

हे वाचून ज्यांचा संताप होतो त्यांचा संताप रास्त आहे. त्या मुलीच्या घरच्यांना बारा वर्षं थांबवून शेवटी सांगितलं गेलं की टेबलावर कागद अडकल्यामुळे शिक्षा बदलली. ‘मानवाधिकारवाल्यांनी वाचवलं’ असं म्हणणं सोपं आहे, पण वाचवलं ते दिरंगाईने. न्यायालयाचं तत्त्व साधं आहे. रोज सकाळी ‘आज नेतील का’ असं वाटत वर्षानुवर्षं कोठडीत बसणं ही फाशीच्या वर दिलेली दुसरी शिक्षा आहे आणि ती कुठल्याही न्यायाधीशाने सुनावलेली नाही. जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात १५ जणांची फाशी रद्द झाली ती मुख्यतः याच कारणाने. सरकारला फाशी द्यायचीच असेल तरी वेळेत वाचून वेळेत ‘नाही’ म्हणावं लागतं. तेवढंही झालं नाही.

दिरंगाईपेक्षाही मला अस्वस्थ करणारी गोष्ट आसाममधल्या एका कैद्याच्या फाईलची आहे. सप्टेंबर २००५ मध्ये राष्ट्रपती कलाम यांनी तिच्यावर लिहिलं होतं की याला जन्मठेप द्यावी. फाईल परत गेली, पडून राहिली. पुढे ती नव्या राष्ट्रपतींपुढे आली तेव्हा आधीच्या राष्ट्रपतींचा हा शेरा गृहमंत्रालयाच्या टिपणीत नव्हताच. २०११ मध्ये अर्ज फेटाळला गेला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पकडलं आणि फाशी रद्द केली. हरियाणातल्या दुसऱ्या एका प्रकरणात, खुनामागचा हेतू म्हणून ज्या बलात्काराच्या खटल्याकडे बोट दाखवलं गेलं होतं, त्यातून कैदी नंतर निर्दोष सुटला होता. हीही गोष्ट राष्ट्रपतींपुढे ठेवली गेली नाही. यात कोणी कट केला असेल असं मला वाटत नाही. कटाला निदान कोणाला तरी त्या माणसात रस असावा लागतो.

मग राजकारण्यांना रस कधी येतो? कैद्याच्या मागे कोणी उभं असेल तेव्हा. राजीव गांधी हत्येतल्या तिघांचे दयेचे अर्ज अकरा वर्षं पडून होते. ऑगस्ट २०११ मध्ये ते फेटाळल्यावर तमिळनाडू विधानसभेने एकमताने ठराव केला की शिक्षा सौम्य करा. फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने त्या खटल्यातल्या सातही कैद्यांना सोडण्याचा निर्णय घेतला. लोकसभा निवडणूक तोंडावर होती. पंजाबात मुख्यमंत्री बेअंतसिंग यांच्या हत्येतल्या बलवंतसिंग राजोआना यांनी स्वतः दया मागायला नकार दिला, तर २०१२ मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने त्यांच्या वतीने अर्ज केला आणि तेव्हाचे मुख्यमंत्री थेट राष्ट्रपतींना भेटले.

उलट दिशेनेही असंच. अफझल गुरूची फाईल दिल्ली सरकारकडे काही वर्षं पडून होती, स्मरणपत्रं येत होती, कोणी हात लावत नव्हतं. मग एकदम फेब्रुवारी २०१३ च्या पहिल्या आठवड्यात अर्ज फेटाळला गेला आणि ९ तारखेला फाशी. घरच्यांना कळवणारं पत्र स्पीड पोस्टाने गेलं, ते फाशीनंतर दोन दिवसांनी पोहोचलं. गुन्हा कितीही भयंकर असो, बायकोला पत्र आधी मिळावं की नंतर, हा प्रश्न गुन्ह्याचा नाही. सरकारच्या वागण्याचा आहे. पुढच्या वर्षी शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने नियम घातला की अर्ज फेटाळल्याचं कळवणं आणि फाशी यांत किमान १४ दिवस हवेत.

आणि ज्यांच्या मागे कोणी नाही ते? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने फाशीच्या कैद्यांना भेटून २०१६ मध्ये जो अभ्यास छापला त्यात ७४.१ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ निघाले, आणि ७६ टक्के मागास जातींतले किंवा धार्मिक अल्पसंख्याक. यांच्या नावाने कुठली विधानसभा ठराव करणार? त्यांच्या अर्जावर ‘हो’ लिहिलं तर उद्या विरोधक छापील फलक लावतील: ‘बलात्काऱ्याला जीवदान देणारं सरकार’. ‘नाही’ लिहिलं तर एक ओळीची बातमी. काहीच लिहिलं नाही तर काहीच होत नाही. आपण त्या खुर्चीत असतो तर काय केलं असतं, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारून बघा.

फाशीबद्दल राजकारणी उदासीन आहेत असं मात्र नाही. फाशी वाढवण्यात त्यांना भरपूर उत्साह असतो. दर मोठ्या गुन्ह्यानंतर एखादं कलम वाढतं किंवा विधेयक मंजूर होतं. २०१३ मध्ये केंद्राने, २०१८ मध्ये पुन्हा केंद्राने, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने शक्ती विधेयक करून, २०२४ मध्ये पश्चिम बंगालने. सभागृहात बाकं वाजतात. शक्ती विधेयकावर बोललेल्या आमदारांपैकी किती जणांना माहीत असेल की याच राज्यात २०१९ मध्ये सहा निरपराध माणसं फाशीच्या दारातून परत आली होती?

काही बदललं आहे हेही सांगायला हवं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७२ आलं आहे. अपील फेटाळल्याचं तुरुंग अधीक्षकाने कळवल्यापासून ३० दिवसांत दयेचा अर्ज करायचा. राज्यपालांनी नाकारला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. राज्याचा अभिप्राय आल्यापासून ६० दिवसांत केंद्राने शिफारस करायची. राष्ट्रपतींचा आदेश ४८ तासांत राज्याला आणि तुरुंगाला कळवायचा. एकाच गुन्ह्यातल्या सगळ्या कैद्यांचे अर्ज एकत्र निकालात काढायचे. ही शेवटची तरतूद वाचताना जीता सिंग आठवतो, बेचाळीस वर्षांनी का होईना. आणि पुण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या गृहविभागांत दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष नेमायला सांगितलं आहे.

पण हे सगळं फाईल किती वेगाने फिरावी याबद्दल आहे. ती वाचावी कशी, टिपणीत काय असलंच पाहिजे, ‘नाही’ म्हणताना कारण द्यायचं की नाही, यावर त्या कलमात एक शब्द नाही. उलट राष्ट्रपतींनी निर्णय कसा घेतला हा प्रश्न कुठल्याही न्यायालयाने विचारू नये, असं त्यात लिहिलं आहे. आसामच्या फाईलमधला गाळलेला शेरा सापडला तो एका न्यायालयाने नेमका हाच प्रश्न विचारल्यामुळे. कायद्याने घटनेतला अधिकार काढून घेता येत नाही, तेव्हा न्यायालयं हा प्रश्न यापुढेही विचारतील असं माझं मत आहे. पण कलम लिहिणाऱ्यांच्या मनात काय होतं ते दिसतंच.

आणि दिवसांच्या या सगळ्या आकड्यांत, ३०, ६०, ६०, ४८ तास, एक जागा रिकामी आहे. राष्ट्रपती भवनात पोहोचलेल्या फाईलसाठी अजूनही कुठलीच मुदत नाही.